बोटाच्या शेंड्याची जखम : आधी कॅप्सूल की आधी पाणी?

विळीवर भाजी चिरताना, अडकित्त्याने सुपारी कातरताना, दुकानाचे शटर ओढताना, मोटारसायकलची चेन पुसताना, कडबाकुट्टीत वैरण सारताना किंवा दाराच्या फटीत सापडून बोटाच्या शेंड्याला जखम होते. असे एकदाही झाले नाही असे घर आपल्या जिल्ह्यात सापडणे कठीण. जखम असते बोटभर, पण रक्त इतके येते की घरचे लोक घाबरून जातात. मग बोटाला फडके गुंडाळून मंडळी दवाखान्यात येतात. आल्याबरोबर दोन मागण्या ठरलेल्या असतात. "डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या" ही पहिली आणि "बोट पिकू नये म्हणून चांगल्या भारी कॅप्सूल लिहून द्या" ही दुसरी. पहिल्या मागणीत पुष्कळ तथ्य आहे. दुसरीत किती आहे, याचा विचार आजच्या लेखात करू.

जखम पिकलेली नसताना, पुढे पिकू नये म्हणून अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक औषध देणे याला प्रतिबंधक उपचार म्हणतात. पिकलेल्या जखमेला औषध देणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत होते, म्हणून सुरुवातीलाच हा फरक लक्षात घ्यावा.

शेंड्याची रचना

बोटाच्या शेवटच्या पेरात एवढ्याशा जागेत बरेच काही दाटीने बसलेले आहे. वर नख, नखाखाली त्याला वाढवणारी आणि चिकटवून ठेवणारी नाजूक त्वचा, तिच्या लगेच खाली टोकाचे छोटे हाड, आणि हाडाच्या पुढे व खाली मांसल गादी. ही गादी असंख्य बारीक मज्जातंतूंनी भरलेली असते. शिंपी कापड चाचपतो, आई बाळाचे अंग तापले आहे का ते पाहते, ते याच गादीच्या जोरावर. म्हणून तर इथली जखम इतकी ठणकते.

पण निसर्गाने या जागेला एक मोठे वरदान दिले आहे, ते म्हणजे भरपूर रक्तपुरवठा. बोटाच्या दोन्ही बाजूंनी एकेक धमनी येते आणि टोकाशी त्यांचे जाळे होते. जिथे रक्त भरपूर, तिथे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही भरपूर. त्यामुळे नीट धुतलेली बोटाच्या टोकाची जखम सहसा पिकत नाही. तीच जखम पायाच्या नडगीवर झाली तर भरायला अधिक दिवस लागतात. ज्या रक्ताला आपण घाबरतो, तेच रक्त जखमेचे पहिले राखणदार आहे.

गोळी जखमेत कशी पोचते?

अनेकांची समजूत अशी असते की कॅप्सूल पोटात गेली की ती थेट जखमेवर जाऊन जंतू मारते. वस्तुतः औषध आतड्यातून रक्तात जाते आणि रक्त जिथे पोचते तिथेच औषध पोचते. आता कडबाकुट्टीत किंवा दारात चेंगरलेले बोट डोळ्यांसमोर आणा. चेंगरलेल्या, काळ्यानिळ्या पडलेल्या मांसातल्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. तिथे रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही पोचत नाही. जखमेत अडकलेला मातीचा कण, वैरणीचे कुसळ, ग्रीसचा थर, साकळलेले रक्त यांच्या आतही औषध शिरत नाही. जंतू मात्र नेमके तिथेच आसरा घेतात आणि वाढतात.

याचा अर्थ उघड आहे. घाण आणि मेलेले मांस जखमेत तसेच ठेवून वरून कितीही महागडी कॅप्सूल दिली तरी ती फारसे काम करू शकत नाही. उलट घाण धुऊन काढली आणि मेलेले मांस कापून टाकले, तर उरलेल्या थोड्या जंतूंचा बंदोबस्त शरीर स्वतः करते. जखमेची खरी राखण पाण्याने होते. औषधाचा क्रम त्यानंतर येतो.

अभ्यासांतून काय दिसले?

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. यावर रुग्णांचे दोन गट करून अभ्यास झाले आहेत. १९८७ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोटाच्या टोकाचे हाड मोडून वर जखम झालेल्यांना प्रतिजैविकाचा फायदा होतो, असे दिसले होते. परंतु त्यात औषध न दिलेल्या रुग्णांचा गट अगदी लहान होता. त्यानंतर २००३ साली ब्रिटनमध्येच १९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांच्या जखमा काळजीपूर्वक धुतल्या व साफ केल्या. निम्म्यांना खरे प्रतिजैविक दिले आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. औषध घेणाऱ्यांत सुमारे ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के जखमा पिकल्या. म्हणजे फरक नगण्य.

लहान मुलांबाबत अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बोटाच्या टोकाला जखम झालेल्या १३५ मुलांपैकी साधारण निम्म्यांना प्रतिजैविक दिले, निम्म्यांना दिले नाही. दोन्ही गटांत प्रत्येकी एकेकच मूल असे निघाले की ज्याची जखम पिकली.

या अभ्यासांतले रुग्ण लवकर दवाखान्यात आले होते आणि त्यांच्या जखमा उत्तम प्रकारे धुतल्या गेल्या होत्या, हे मात्र विसरून चालणार नाही. "गोळी नको" हा त्यातला अर्धा धडा. "जखम नीट धुवा" हा उरलेला अर्धा, आणि तोच अधिक महत्त्वाचा. जो शेतकरी शेणामातीत हात चेंगरल्यावर फडके बांधून दोन दिवस काम करतो आणि तिसऱ्या दिवशी ठणका सहन होईना म्हणून येतो, त्याला हे आकडे लागू पडत नाहीत.

मग प्रतिजैविक कोणाला द्यावे?

प्रतिजैविक कधीच देऊ नये, असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. पुढील प्रसंगी ते सुरुवातीपासून देणे योग्य ठरते.

१. चावल्याची जखम. कुत्रा, मांजर, माकड यांच्या आणि माणसाच्याही तोंडात असंख्य जंतू असतात. मांजराचा दात सुईसारखा असल्याने तो जंतू खोलवर पोचवतो. बोटाला कुत्रा, मांजर किंवा माकड चावले असेल तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवून लगेच दवाखाना गाठावा. येथे रेबीजची लस आणि सीरम हा प्रश्न प्रतिजैविकाहूनही मोठा आहे.

२. शेण, गटाराचे पाणी किंवा शेतातली माती खोलवर गेलेली व पूर्ण साफ न होणारी जखम.

३. बोटाचा सांधा किंवा स्नायूची दोरी उघडी पडली असेल, किंवा बराच भाग चेंगरून मेला असेल तर.

४. रुग्णाला मधुमेह असून साखर ताब्यात नसेल, तो कर्करोगाची औषधे किंवा स्टेरॉइड घेत असेल, किंवा अन्य कारणाने त्याची प्रतिकारशक्ती खालावली असेल तर.

५. जखम होऊन बराच काळ लोटला असेल आणि ती अजून धुतली गेली नसेल तर.

६. लहान मुलाचे नख मुळाशी उचकटून वर आले असेल आणि बोटाचे टोक खाली झुकले असेल तर. अशा वेळी हाडाच्या वाढीच्या जागीच मोड झालेली असू शकते. हे साधे नख निघणे नव्हे. एक्स-रे काढून हाडांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.

टोकाच्या हाडाला तडा गेला असेल आणि वर जखम असेल तर काय करावे, याबाबत सर्व डॉक्टरांचे एकमत नाही. काही जण खबरदारी म्हणून थोड्या दिवसांचे औषध देतात. जखम पाहून डॉक्टरांनी तसे ठरवले तर ते ऐकावे. नुसते नख काळे पडणे, स्वच्छ सुरीने कापणे, लहानसा मांसाचा तुकडा निघणे, एवढ्यासाठी मात्र सामान्य प्रकृतीच्या माणसाला या औषधाची गरज नसते.

आणखी एक इशारा गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांसाठी. ग्रीसच्या गनचा किंवा रंगाच्या दाबाच्या फवाऱ्याचा झोत बोटात घुसला तर वर केवळ टाचणीएवढे छिद्र दिसते आणि पहिले काही तास दुखतही नाही. पण आत ग्रीस किंवा रंग बोटभर पसरलेला असतो. याला कॅप्सूल हा उपाय नाही, तातडीने शस्त्रक्रिया लागते. "एवढंसं तर भोक आहे" म्हणून घरी बसल्यास बोट गमवावे लागते.

धनुर्वाताचे काय?

धनुर्वाताची लस ही वेगळी बाब आहे. प्रतिजैविक घेतले म्हणून लस टाळता येत नाही. मात्र प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन घेण्याचीही गरज नसते. लहानपणापासूनचे डोस पूर्ण झालेले असतील, तर स्वच्छ व किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसाला दहा वर्षे उलटली असल्यासच पुन्हा डोस घ्यावा. चेंगरलेल्या, मातीने भरलेल्या जखमेसाठी ही मुदत पाच वर्षांची धरतात. पूर्वीच्या टीटीच्या जागी २०१९ पासून सरकारी लसीकरणात टीडी ही लस आली आहे. तीत धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण मिळते. शाळकरी मुलांना ती दहाव्या व सोळाव्या वर्षी देतात. लहानपणी डोस झाले की नाही हे ज्यांना आठवत नाही, त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. मातीच्या जखमेत त्यांना लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागू शकते. घरातल्या प्रत्येकाची शेवटच्या डोसाची तारीख रेशनकार्डाच्या पिशवीत एका कागदावर लिहून ठेवली, तर ऐन वेळी आठवत बसावे लागत नाही.

जखम होताच काय करावे?

नळाखाली किंवा तांब्याने पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार धरून बोट पाच ते दहा मिनिटे धुवावे. नळाचे पिण्यायोग्य पाणी जखम धुण्यास पुरेसे असते, त्यासाठी सलाइनची बाटली शोधत बसू नये. भोवतालची कातडी साबणाने स्वच्छ करावी. बोटात अंगठी असेल तर ती लगेच काढावी. सूज आल्यावर ती निघत नाही आणि मग सोनाराची कात्री शोधावी लागते. धुतल्यावर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे व हात छातीच्या वर उचलून ठेवावा. दर मिनिटाला फडके उचलून रक्त थांबले का हे पाहिल्यास ते थांबत नाही. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर आवळून बांधू नये. ते तसेच राहून गेल्यास पुढचे बोट काळे पडते.

हळद, चहापूड, कॉफी, चुना, टूथपेस्ट, विडीची राख, तंबाखू, दगडी पाला यांपैकी काहीही जखमेत भरू नये. हळदीविषयी आपल्या मनात आदर आहे आणि तो असावा. पण डब्यातली हळद जंतुरहित नसते. शिवाय ही पूड जखमेत रुतून बसते आणि ती काढताना रुग्णाला दुप्पट वेदना होतात. स्पिरिटही जखमेच्या आत ओतू नये. त्याने जंतूंबरोबर चांगल्या पेशीही मरतात.

तुटलेला तुकडा फेकू नका

बोटाचा तुकडा पूर्ण तुटला असेल तर तो स्वच्छ पाण्याने हलकेच धुवून ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवल्यास तो गोठून निकामी होतो. असा तुकडा जोडता येईल की नाही हे मोठ्या रुग्णालयातले तज्ज्ञ ठरवतील. अगदी टोकाचा लहान तुकडा जोडता आला नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. हाड उघडे पडले नसेल तर शेंड्याची लहान जखम नुसत्या ओलसर ड्रेसिंगखाली तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. मुलांमध्ये तर बोटाचा आकारही चांगला परत येतो.

दवाखान्यात काय होते?

बोट सुन्न करण्याचे इंजेक्शन देऊन जखम पुन्हा नीट धुतात. आधी सुन्न करणे आवश्यक असते, कारण कळ लागत असताना कोणालाच जखम मनासारखी साफ करू देता येत नाही. गरज असल्यास एक्स-रे काढतात, मेलेला भाग कापतात, नखाखालची त्वचा फाटली असेल तर बारीक टाके घालतात. निघालेले नख परत बसवून शिवलेच पाहिजे असे पूर्वी मानत. ब्रिटनमध्ये ४५१ मुलांवर केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र नख परत बसवले काय किंवा टाकून दिले काय, जखम पिकण्यात वा नंतरच्या नखाच्या दिसण्यात फरक पडला नाही. तेव्हा डॉक्टरांनी नख टाकून दिले तर वाईट वाटून घेऊ नये. नवे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे पूर्ण यायला चार ते सहा महिने लागतात.

पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर उंच ठेवावा. ड्रेसिंग कोरडे ठेवावे. ज्यांना विडी, सिगारेटची सवय आहे त्यांनी निदान जखम भरेपर्यंत ती बंद करावी. धुरातील निकोटीनमुळे बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेचा रक्तपुरवठाच आपण स्वतःच्या हाताने बंद करतो.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नका

पहिल्या दिवशी दुखणे, थोडी सूज व लाली येणे स्वाभाविक आहे. परंतु दोन दिवसांनंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, रात्री झोप लागू नये इतका ठणका लागला, पू किंवा दुर्गंधी आली, लाली हाताकडे पसरू लागली, मनगटाकडे लाल रेघ चढली, काखेत अवधाण आले किंवा ताप आला, तर जखम पिकली असे समजावे. संपूर्ण बोट सुजून किंचित वाकलेले राहत असेल आणि सरळ करताना कळ मस्तकात जात असेल, तर जंतू स्नायूच्या दोरीच्या म्यानात शिरलेले असू शकतात. हे बोट काही तासांत वाचवावे लागते. अशा वेळी प्रतिजैविक अवश्य हवे, आणि पू साचला असेल तर तो चिरा देऊन काढायलाच हवा. पुवावर नुसत्या गोळ्या घेत बसणे म्हणजे विंचवावर चादर टाकण्यासारखे आहे.

म्हणूनच डॉक्टरांनी कॅप्सूल दिली नाही, पण "परवा जखम दाखवायला या" असे सांगितले, तर ते परवाचे येणे टाळू नये. कॅप्सूलपेक्षा या तपासणीचा उपयोग मोठा आहे.

उगाच घेतल्या तर बिघडले कुठे?

"फायदा नसेना, तोटा तर नाही ना?" असे पुष्कळ जण विचारतात. तोटा आहे. जुलाब, मळमळ, अंगावर पुरळ हे नेहमीचे. क्वचित एखाद्याला जीवघेणी ॲलर्जी होते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली साधी ॲमॉक्सिसिलिन तर त्वचेवरच्या जखमा पिकवणाऱ्या मुख्य जंतूपैकी बहुतेकांना जुमानतच नाही. मजुराची एक दिवसाची कमाई त्यात जाते आणि "औषध चालू आहे" या भरवशावर जखम धुणे व दाखवणे राहून जाते. हा भरवसा सर्वांत घातक.

याहून मोठा तोटा गावाचा आहे. वारंवार आणि अर्धवट घेतलेल्या औषधांना जंतू सरावतात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या भाषणात या धोक्याची सूचना दिली होती. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला आहे. आपल्याकडे २०१४ पासून अनेक भारी प्रतिजैविकांसाठी एच-१ ही वेगळी यादी लागू आहे. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद ठेवावी लागते. आज कापलेल्या बोटासाठी उगाच वापरलेले औषध उद्या घरातल्या बाळंतिणीला किंवा न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळाला लागू पडले नाही, तर तो हिशेब कोणाकडे मागणार?

जखम होऊच नये म्हणून

कडबाकुट्टीच्या तोंडावरची संरक्षक जाळी काढून ठेवू नये आणि वैरण हाताने आत ढकलू नये. रसाचा चरक, गिरणीचा पट्टा, यंत्रमाग चालू असताना साफ करू नये. मोटारसायकलची चेन इंजिन बंद करूनच पुसावी. काम झाले की विळी मिटून किंवा आडवी करून उंचावर ठेवावी. लहान मुलांची बोटे बहुधा दाराच्या बिजागरीकडच्या फटीत सापडतात. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला अडसर किंवा जाड कापडाची गुंडाळी लावून ठेवावी. चार आण्याची चिंधी मुलाचे बोट वाचवते.

थोडक्यात

बोटाचा शेंडा कापला वा चेंगरला तर आधी भरपूर पाण्याने धुवा, दाबून धरा, हात उंच ठेवा. अंगठी काढा. हळद, चुना, राख भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या शेवटच्या डोसाची तारीख सांगा. मधुमेह असेल किंवा प्राणी चावला असेल तर तेही न विसरता सांगा. जखम स्वच्छ असून डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहिले नाही, तर त्यांनी काही राखून ठेवले असे समजू नका. आणि लिहिले, तर सांगितलेल्या वेळी, सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. उरलेल्या कॅप्सूल पुढच्या जखमेसाठी डब्यात जपून ठेवू नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका.